एका कॉमेडीचे तीन खून

४ जानेवारी
रोजनिशी, माफ कर. गेल्या वर्षी नऊ मार्चला 'आजपासून रोज लिहायचं' असं लिहिलं, आणि तेच शेवटचं ठरलं. त्याला कारणं आहेत. ती कारणं होती की सबबी, हे तपासून मग लिहीन.

आज लिहायला निमित्त आहे. आमचं हौशी नाट्यमंडळ यंदा चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रज नाटककाराची (मी त्याला नुसतं 'म्हातारा' म्हणतो) जुळ्यांची कॉमेडी करणार. जहाज फुटतं, भाऊ-बहीण वेगळे होतात, बहीण पुरुषाच्या कपड्यांत वावरते आणि सगळ्यांचा घोळ होतो. शहरात सध्या याच नाटकाचे तीन निरनिराळ्या संस्थांचे प्रयोग आहेत. तिन्ही पाहून तुलनात्मक अहवाल द्यायचं काम माझ्याकडे. दिग्दर्शक कोण, ते अहवालानंतर मतदानाने ठरेल. म्हणजे ठरल्यातच जमा. दुसरा उमेदवार माझा मेव्हणा. औषधांचं दुकान आहे त्याचं. कशालाही हसतो.

५ जानेवारी
नियम केले. तिन्ही थिएटरांत एकाच नंबरची खुर्ची, एफ चौदा. आधी जेवायचं नाही. भरल्या पोटी माणूस उदार होतो. आणि हसायचं नाही. हसलेला माणूस तुलना करू शकत नाही. बायको म्हणाली, शेवटचा नियम तुम्हाला जड जाणार नाही. विश्वास आहे तिचा.

११ जानेवारी
पहिला प्रयोग. व्यावसायिक. शिसारी आली. समुद्र म्हणजे निळं प्लास्टिक, तेही दुकानाचं लेबल न काढता. जुळ्यांपैकी बहीण माझ्या खांद्याला लागेल एवढी, भाऊ दारातून वाकून येणारा. तरी अख्खं गाव दोघांत फसतं! डोळे तपासून घ्या म्हणावं एकेकाचे. शेजारी मेव्हणा खिंकाळत होता. त्याला चार वेळा गप्प केलं. मध्यंतरात पुढच्या रांगेतल्या बाई वळून म्हणाल्या, त्यांच्या हसण्यापेक्षा तुमच्या श्शूचा त्रास होतोय. प्रेक्षकांचा दर्जाही नोंदवला.

एफ चौदापुढे खांब होता. डावीकडचा अभिनय दिसलाच नाही. न्यायाने पाहता तो चांगला असू शकतो. तसं लिहावं का? उजवीकडचा पाहता शक्य वाटत नाही.

१८ जानेवारी
दुसरा प्रयोग. कॉलेजचा, 'प्रायोगिक'. सगळ्यांना सारखेच पांढरे पायजमे, त्यामुळे जुळे कोण ते कळेना. नटांनाही कळत नसावं. अधूनमधून प्रेक्षकांतून सरपटत होते. एक जण माझ्या मांडीवर बसून रडला. घामट. जाताना माझी पेन्सिल घेऊन गेला. घरी येऊन आधी आंघोळ केली, मग निम्म्या नोंदी आठवून लिहिल्या. मी पक्षपात करतोय का? स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही, असं उत्तर आलं.

२५ जानेवारी
तिसरा प्रयोग. बँक कर्मचाऱ्यांचा. सर्वांत ओंगळ.
नाटकात एका श्रीमंत बाईचा कारभारी आहे. स्वतःला फार शहाणा समजतो, इतरांचं हसणं-गाणं बंद पाडतो आणि मालकीण आपल्यावर भाळलीय अशी समजूत करून घेतो. त्या नटाने त्याचं काय करून ठेवलं! हातात वही. बोलण्याआधी दोनदा खाकरणार. दुसऱ्याचं चुकलेलं सांगणार, मग 'मी न्यायाने बोलतोय ना?' असं स्वतःलाच विचारणार. असा माणूस जगात असतो का? निरीक्षण शून्य.
मेव्हणा खुर्चीतून घसरला. बायको डोळे पुसत सारखी माझ्याकडे बघत होती. एवढ्या गोंधळात मी न हसता लिहितोय, याचं कौतुक असणार.

१ फेब्रुवारी
अहवाल तयार. सत्तावीस पानं. सारांश: तिघांनी मिळून म्हाताऱ्याचा खून केला. बायकोला ऐकवला. ती म्हणाली, सगळ्यांना नावं ठेवलीत, पण आपण कसं करायचं ते कुठंय? म्हटलं, ते दिग्दर्शक झालो की सुचेल. यावर ती उठून कुकर लावायला गेली. पटलं असावं.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
मीटिंग झाली. अहवाल उभं राहून वाचला. पहिल्या पानापासून हशा. विनोद मी कुठेच घातला नव्हता, तरी बरं वाटलं. 'असा माणूस जगात नसतो' या वाक्याला सेक्रेटरीबाईंना पाणी द्यावं लागलं.

मग गुप्त मतदान. स्वतःला मत देणं तत्त्वात बसत नाही, म्हणून मेव्हण्याला दिलं. तोही सभ्यपणे मला देईल, हे गृहीत होतं. निकाल: मेव्हणा नऊ, मी शून्य. मंडळाचे सभासद एकूण नऊ. बायको सभासद आहे.

परतताना तिला विचारलं, का गं? ती म्हणाली, अहो, तुमच्या हाताखाली सहा महिने कुणाची हसायची हिंमत झाली नसती. कॉमेडी आहे ना ती?
दोन चौक ओलांडले. मग विचारलं, तो बँकवाल्यांचा कारभारी... मी तसा आहे का?
ती म्हणाली, तो जरा कमीच पडला.

मेव्हण्याने कारभाऱ्याचं काम मला देऊ केलंय. तुम्ही तालीम नाही केली तरी चालेल, म्हणाला. उघड अपमान आहे. नकार देणार होतो. पण त्या नटाने केलेलं डोळ्यांसमोरून हलत नाही. फारच ढोबळ करत होता.

उद्या: कारभाऱ्याचा पहिला प्रवेश पाठ करणे.