जिताडा आणि दादांची गादी

मनोरमा,

दिलेल्या शब्दाला माणसाने जागावं, असं माझं ठाम मत आहे. 'पुन्हा बोटीचं नाव काढणार नाही' हा काल जेवताना दिलेला शब्द मी झोप लागेपर्यंत पाळला.

पण तू देवळात गेलीस आणि खारदांड्याहून डेनिसचा भाऊ सायकल हाणत आला. "मास्तर, खाडीत जिताडा चढलाय! एकेक हातभर लांब! भरती गाठायची तर आत्ताच निघा!" आता चैत्रातला जिताडा काय माझ्या सवडीने थांबणार आहे? आज जर मासा घरी आला नाही, तर मी बोटीतला माझा अर्धा हिस्सा डेनिसला विकून मोकळा होईन. तुझी अट मला मान्य. मोठं पातेलं काढून ठेव, छोट्यात मावायचा नाही!

बोट गळते म्हणशील, तर काल संध्याकाळीच आम्ही तिच्या फटींत कापूस ठासून वर राळ लावली. कापूस पाहुण्यांच्या गादीतला आहे. दुपारी तुझे दादा येतील, त्यांना गादी जरा पातळ वाटेल. पाठीला बरी असते म्हणून सांग.

— भास्कर

ता. क. चपला घालतोय तोच खुद्द डेनिस दारात. बोट रात्री बांधल्या जागीच बुडाली. विकायची म्हटली तरी आधी वर काढायला हवी. ओहोटीला ओढायला माणसं लागतील, तेव्हा दादा आले की त्यांना चहा देऊन खारदांड्याला पाठव.

गादीतला उरलेला कापूस मी नेला आहे.