नरखेडवालीच्या कुरड्या

आई, काल सकाळी घरी एक मुलगी फॉर्म घेऊन आली होती. हे घर तू पाहिलेलं नाहीस. कुठल्याशा संस्थेची होती ती. बाहेरगावाहून नागपुरात येऊन घरकाम करणाऱ्या बायकांची माहिती घेत फिरत होती. माझ्याकडे भांड्यांना येणारी बाई बालाघाटकडची आहे, तिला त्या मुलीनं ओट्यापाशीच उभं राहून विचारलं. गाव कोणतं, झोप लागते का, मन कोणाजवळ मोकळं करता. शेवटी विचारलं, "तुम्हाला कोणती गोष्ट चांगली जमते? तुमची ताकद कशात आहे?" बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कढईकडे पाहिलं आणि म्हणाली, "मेरे को क्या आता दीदी, बर्तन आते." त्या मुलीनं तेच लिहून घेतलं. ऑफिसात दिवसभर माझ्या मनात एकच होतं. हे तुला कोणी विचारलं असतं तर तू क्षणभरही थांबली नसतीस. म्हणाली असतीस, "मले गव्हाचा वास समजते."

बाबा गेल्यावर आपण दोघी नरखेडहून एसटीनं नागपुरात आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. संत्र्याच्या बागेत तोडणीचं काम वर्षातले काही महिनेच मिळायचं आणि त्यात घर चालत नव्हतं, एवढंच मला आठवतं. कळमन्याला एक खोली, आणि लकडगंजमधल्या एका गल्लीत तुझी चार घरं. त्यातलं मोठं घर काकूंचं, लाकडाच्या व्यापाऱ्याचं. त्या गल्लीत तुला कोणी नावानं हाक मारली नाही. सगळ्यांसाठी तू नरखेडवाली. तुझा चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा आणि वरच्या मजल्याच्या पायऱ्या पुसून गुडघे सुजायचे, हे मी विसरलेले नाही. घरी येऊन तू पाय भिंतीला लावून पडायचीस. पण एप्रिलमध्ये काकूंकडे कुरड्यांचे गहू भिजले की तू वेगळीच बाई व्हायचीस.

तीन दिवस गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. किती वेळ ठेवायचे ते मात्र उन्हावर आणि गव्हाच्या जातीवर. थोडे कमी आंबले तर चीक निघत नाही, जास्त आंबले तर कुरडई लाल पडते आणि तेलात फुलत नाही. ते ठरवायची तू. अजून डोळ्यांसमोर आहे. तू गंगाळात कोपरापर्यंत हात घालतेस, एक दाणा बोटांत दाबतेस, मग ओंजळ नाकाशी नेतेस. काकू आणि गल्लीतल्या आणखी दोघीतिघी गप्प उभ्या आहेत. तू म्हणतेस, "आज नाई. उद्या पाचले वाटू." काकू हसून म्हणतात, "हिच्या नाकाचा विमा काढा रे कोणी!" तू पाण्यातून हात काढत म्हणतेस, "नाकाचा काहून काकू, हाताचा काढा. चटके तर हातच खाते." सगळ्या हसतात. त्या चार दिवसांत गच्चीवर तू सांगायचीस आणि बाकीच्या ऐकायच्या. मला वाटीत गरम चीक मिळायचा, साखर घालून. एकदा मी म्हटलं, उद्या माझी शाळा आहे, परवा सुट्टी आहे, तेव्हा कर ना. तू रागावलीस. "गहू कोणासाठी थांबत नाई, पोरी. आपणच वेळेवर जा लागते."

मला नोकरी लागली त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. ऑफिसात माझ्या वरच्या हुद्द्यावर असलेल्या बाई त्याच लकडगंजच्या गल्लीत राहायला आल्या होत्या. तू कुठे काम करतेस, काय करतेस, हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. कोणी विचारलं तर मी 'आई घरीच असते' म्हणायचे. त्या दिवशी बाईंनी डब्यातून तळलेल्या कुरड्या आणल्या. म्हणाल्या, "आमच्या गल्लीत एक नरखेडवाली येते. तिच्या हातच्या आहेत, खाऊन तर पाहा." सगळ्यांनी घेतल्या. मीही घेतली. एवढं बोलून बाई दुसऱ्या विषयावर गेल्या. पण माझा घास तोंडातच राहिला.

पुढच्या एप्रिलमध्ये काकू स्वतः रिक्षानं आपल्या खोलीवर आल्या. तुझे गुडघे फार दुखत होते म्हणून तू पंधरा दिवस कामावर गेली नव्हतीस, आणि त्या वेळी चक्कीवर गेली होतीस. काकू दारातूनच म्हणाल्या, "अवं, गहू भिजवले मी. उद्या तिसरा दिवस. तिले म्हणा, बाकी कामाले नको येऊ, नुसती खुर्चीवर बसून सांगजो." मी त्यांना म्हटलं, आईला आता कोणाकडे काम करायचं नाही, तिनंच तसं सांगितलंय. काकू रिक्षाकडे वळल्या. "मले येऊन सांगतलं नाई तिनं," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. तू पीठ घेऊन आलीस तेव्हा मी तुला सांगितलं की काकूंनी निरोप पाठवलाय, त्यांनी दुसरी बाई ठेवली, आता येऊ नको म्हणाल्या. तुझ्या गुडघ्यांसाठी खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगितलं. पुष्कळ वर्षं सांगत राहिले.

तू डबा खाली ठेवलास. "काय बिघडलं माह्या हातून?" मी म्हटलं, काही नाही गं, आता आराम कर. तू विचारायला जाशील अशी मला धास्ती होती. पण नको म्हटलेल्या दारात पाऊल टाकायचं नाही, ही तुझी रीत मला ठाऊक होती आणि मी तिच्याच भरवशावर राहिले. उरलेली तीन घरंही तू आपणहून सोडलीस. आराम तू केलाच नाहीस. खाटेवर बसून राहायचीस, जेवण अर्धं टाकायचीस. एप्रिल आला की दारात उभी राहून ऊन पाहायचीस आणि कोणाला तरी सांगितल्यासारखं म्हणायचीस, "आंबले असतीन आता त्यायचे गहू."

दोन वर्षांनी तू दवाखान्यात होतीस. छातीत पाणी झालं होतं, बोलताना धाप लागायची. दुपारी मी तुला मोसंबीचा रस पाजत होते. तू माझा हात धरलास आणि विचारलंस, "त्या शेवटच्या साली माह्या कुरड्या लाल पडल्या होत्या का वं? म्हणून काकूनं बंद केलं का मले?" मी म्हटलं, तू बोलू नको, दम लागतो. तू मान वळवलीस. तिसऱ्या दिवशी गेलीस.

काकू तेराव्याला आल्या होत्या. तुझ्या फोटोसमोर बराच वेळ बसल्या. जाताना मला म्हणाल्या, "माह्यावर कशाचा राग होता तिले? दोन दिवस जास्त वाट पाहिली मी. वास सुटला, मग गहू गायीले टाकले." मी त्यांना पाणी दिलं. खरं तेव्हाही सांगितलं नाही. आता त्या पंच्याऐंशीच्या आहेत, पलंगावरच असतात म्हणे. लकडगंजला मी ऑफिसच्या कामानं जाते आणि त्या गल्लीच्या तोंडावरून पुढे निघून जाते.

तुला जाऊन बारा वर्षं झाली. हे मी ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदावर लिहितेय आणि लिहून झालं की ड्रॉवरमध्ये ठेवीन. काकूंकडे या रविवारी जायचं मनात आहे, पण तसं मी मागेही ठरवलं होतं, म्हणून तुला शब्द देत नाही. दवाखान्यात तू विचारलंस त्याचं उत्तर मात्र मला तेव्हाच माहीत होतं. लाल नव्हत्या, आई. पांढऱ्याशुभ्र होत्या आणि हाताएवढ्या फुलल्या होत्या. त्या दिवशी घास गिळल्यावर मी बाईंकडून आणखी एक मागून घेतली होती.