नाक्यावरचा फ्लेक्स

एडिनबरो

प्रिय पपा,

तुम्हाला आणि आईला प्रभूची शांती. मी बरी आहे, वेळेवर जेवते. फोनवर तुमचं तोंड बघून हे बोलवलं नसतं, म्हणून पत्र.

मधुमेहावरचा माझा शोधनिबंध मासिकाने मागे घेतला. रक्ताच्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्यांची माझ्याच हातून अदलाबदल झाली होती. चूक मीच कळवली, म्हणून नोकरी टिकली.

तुमची कंबर कशी आहे? केळींना पाणी कोण देतं?

तुम्ही वाटलेले पेढे आता परत मागता येणार नाहीत. पण वटारच्या नाक्यावरचा माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स तेवढा काढा. फाडू नका, पावसात सरपणावर घालायला होईल. फक्त माझा फोटो खालच्या बाजूला ठेवा.

आशीर्वाद मागायचीही लाज वाटते, तरी मागते.

तुमची,
ज्युली