फळ्यावरचं नाव

३ ऑक्टोबर, मंगळवार

पोचले एकदाची! साडेसहा तास बस, नुसती वळणं, त्यात दोनदा उलटी. शेजारची बाई म्हणते, "खिडकीकडे बसा ना." अहो, खिडकीकडेच तर बसले होते!

लॉजमधली खोली नंबर चार. एक कॉट, एक खुर्ची, खुर्चीवर घडी केलेली घोंगडी. लॉजवाल्या बाईने विचारलं, "एकट्याच?" म्हटलं, एकटीच. "फिरायला आलात?" म्हटलं, हो, फिरायला. आल्या आल्या खोटं!

इथे तरी खरं लिहावं. मी ताईला भेटायला आले आहे. जुनं घर सोडून ती या गावात राहायला आली. दगडी पुलापलीकडे निळ्या दाराचं घर – एवढाच पत्ता, तोही चुलतभावाच्या खनपटीला बसून मिळवलेला. आठ वर्षं आम्ही बोललेलो नाही. मी साठ, ती सहासष्ट. अजून किती दिवस ताणणार? परतीची बस रविवारी सकाळी. त्याआधी तिचं दार वाजवायचं आणि माफी मागायची. बास, एवढंच काम.

४ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी तयार होऊन निघाले. इस्त्रीची साडी, केस नीट विंचरलेले – जणू मुलाखतीला!

पूल सुरेख आहे. तीनशे वर्षांचा, चुना न वापरता नुसते दगड एकमेकांत बसवलेले, असं पाटीवर लिहिलंय. पाटी मी चार वेळा वाचली. पुलावरून निळं दार दिसतं. दोरीवर एक चादर, दोन परकर, एक टॉवेल. एकटीचे कपडे. भाऊजी जाऊन चार वर्षं झाली. तेव्हा मी दोन ओळींचं कार्ड टाकलं होतं, दुकानात उभ्या उभ्या लिहिलेलं. उत्तर आलं नाही. कसं येणार!

पाय पुढे पडेना. तेवढ्यात एक म्हातारा म्हणाला, "धबधब्याकडे जाताय ना? मग डावीकडे." गेले मुकाट्याने डावीकडे.

धबधबा मोठा आहे. इतका मोठा की तोंडातून "अगं बघ!" निघून गेलं. शेजारी कोणी नव्हतं. एक जोडपं होतं, त्यांनी वळून पाहिलं. मी उगीच खोकल्यासारखं केलं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज नक्की, आज नक्की, असं घोकत पुलापर्यंत गेले आणि परत फिरून डोंगरातल्या खोदलेल्या खोल्या बघून आले. माझ्यासारखी भित्री भागूबाई दुसरी नसेल.

सतरा खोल्या आहेत. प्रत्येकीत एक दगडी ओटा, त्यालाच उशीसारखा उंचवटा. माहिती सांगणारा म्हणाला, "पूर्वी इथे लोक मुद्दाम एकटं राहायला यायचे." म्हटलं, हल्ली त्यासाठी डोंगर खोदावा लागत नाही, दोन खोल्यांचा फ्लॅट पुरतो. तो हसला नाही.

एका ओट्यावर बसले आणि सगळं आठवलं. आई शेवटचे सात महिने अंथरुणावर. ताईकडे. औषध, आंघोळ, पाठीच्या जखमा – सगळं ताईने एकटीने केलं. ती फोन करायची, "महिनाभर तरी ये, पाठ गेली माझी." मी म्हणायचे, येते. मग चष्म्याच्या दुकानात गर्दीचा मोसम, मग मालक सोडत नाही, मग पुढच्या सोमवारी. मालकाला मी एकदाही विचारलं नव्हतं! मला आईला तसं बघायचं नव्हतं, खरं कारण तेवढंच. पोचले ती आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. दारातच हंबरडा फोडला. ताई चारचौघांत म्हणाली, "करायला मी आणि रडायला ही."

त्यावर मी काय बोलले ते आजवर कुठे लिहिलेलं नाही. मी म्हणाले, "तू नीट बघितलं असतंस तर आई आज असती."

असं म्हणाले मी. ताईला.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज बुरुज. हेही पुलाकडे न जाण्याचंच निमित्त, कशाला नाकारू.

कड्यावर जुना टेहळणी बुरुज आहे, चढायला तीन तास. पायथ्याशी चौकी, चौकीबाहेर मोठा काळा फळा. वर जाणाऱ्याने आपलं नाव लिहायचं आणि उतरल्यावर आपल्या हाताने पुसायचं. चौकीदार मोठा कडक. "दुसऱ्याने लिहायचं नाही, दुसऱ्याने पुसायचं नाही. साडेपाचला नाव उरलं की मी घंटा देतो आणि अख्खं गाव शोधायला निघतं. धुकं उतरलं की वर पाऊल टाकाल तिथे दरी." त्याचा चष्मा सारखा नाकाच्या शेंड्यावर. मला बघवेना. पर्समधल्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरने दांड्या आवळून दिल्या. एकतीस वर्षांची सवय! गडी खूश. "पहिल्यांदा नीट बसला हो!"

मग खडू हातात घेतला आणि अडले. हा फळा येता-जाता सगळं गाव वाचतं. माझं नाव ताईने वाचलं तर? दुसरं कुठलं तरी लिहावं. चौकीदार बघतोय, नाव सुचेना, आणि हाताने आपसूक आईचं नाव लिहून टाकलं. आडनावासकट.

बुरुजावर वारा मरणाचा. खाली गाव, नदी, पूल, आणि निळा ठिपका. वीस मिनिटं त्या ठिपक्याकडे बघत बसले. मनात जुळवाजुळव – "ताई, चुकले." "ताई, मी नालायक आहे." शेवटी ठरवलं, नुसतं "ताई" म्हणायचं, पुढचं तिच्यावर.

उतरताना धुकं आलं. मागच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर टपालाची जीप भेटली, ड्रायव्हरने थेट लॉजच्या दारात आणून सोडलं. देव भलं करो त्याचं. चार वाजलेत, डोकं ठणकतंय. गोळी घेऊन पडते. उद्या दार वाजवायचं. उद्या म्हणजे उद्याच.

७ ऑक्टोबर, शनिवार

खाली शहरातल्या सरकारी दवाखान्यातून लिहिते आहे.  लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल घंटेने जाग आली. वाटलं, शाळा सुटली असेल. घंटा थांबेना. खाली आले तर लॉजवाली बाई दारातच उभी, लोक बॅटऱ्या घेऊन पळताहेत. "कोणीतरी पाहुणी वर राहिलीय हो," म्हणाली, आणि आईचं नाव घेतलं.

 नाव पुसलंच नव्हतं! मी दुसऱ्या बाजूने उतरले होते! तशीच अनवाणी धावत सुटले.

मला बघून चौकीदार मटकन खाली बसला. "बाई! तुम्ही इथे?" मग उठून शिट्टीवर शिट्टी, माणसं परत बोलावायला. वीस-बावीस जण परत आले. एकेकाने बॅटरी विझवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चौकीदार डोकी मोजत होता. दोनदा मोजली. म्हणाला, "शिवणवाल्या ताई आल्या नाहीत."

ताई गावात शिवणकाम करते.

घंटा ऐकून सगळ्यांसारखी तीही आली होती. फळा वाचला. चौकीदाराला विचारलं, "दिसायला कशी होती ती बाई?" तो म्हणाला, "बुटकीशी. माझा चष्मा आवळून दिला बघा." एवढं ऐकलं आणि ती सगळ्यांच्या आधी वर पळाली. काठी नाही, बॅटरी नाही. सहासष्टाव्या वर्षी!

मी वर निघाले तर चौकीदाराने दंड धरला. "एक गोंधळ पुरे झाला." माणसं पुन्हा वर गेली. मी आईचं नाव पुसलं आणि खाली ताईचं नाव लिहिलं. दुसऱ्याने लिहायचं नाही हा नियम. चौकीदाराने बघितलं आणि कंदील फळ्याजवळ आणून ठेवला.

दोन तास मी त्या फळ्याखाली बसून होते. नवस, शपथा, सगळं बोलून झालं. तिला काही झालं असतं तर मी तरी कशाला घरी परतायचं?

पहिल्या चढावरच्या वळणावर ती घसरली होती. डावा पाय गुडघ्याखाली मोडलेला. आणणारा एक जण म्हणाला, "आवाजावरून सापडल्या. कुठल्या तरी लहान मुलाला हाका मारत होत्या. पिटू, पिटू."

ते लहान मूल म्हणजे मी. घरात मला पिटू म्हणायचे. आता असं म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय, आणि ओरडून ओरडून तिचा घसा पार बसला होता.

स्ट्रेचरवरून तिने माझ्याकडे बघितलं. "तू खाली होतीस?"

"हो."

"कधीपासून?"

"चारपासून. झोपले होते."

"बिनडोक," म्हणाली आणि तोंड फिरवलं.

मग जीपने खाली शहरात. मी माफी मागितली – दुकानाची, मालकाची खोटी कारणं, ते दारातलं वाक्य, सगळं एका दमात. इंजिनाचा आवाज होता. तिला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. डोळे मिटलेले होते.

आज दिवसभर ती नर्सशी बोलते, शेजारच्या पेशंटशी बोलते. माझ्याशी नाही. पाण्याचा ग्लास पुढे केला तर नर्सला हाक मारते. मी स्टुलावर. उद्याच्या बसचं काय करू?

८ ऑक्टोबर, रविवार

बस गेली असेल आता. डॉक्टर सकाळीच येऊन गेले. म्हणाले, दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही, उठणं-बसणं, आंघोळ, सगळं दुसऱ्याच्या हाताने. मग कागदावर पेन टेकवून त्यांनी ताईला विचारलं, "घरी तुमचं करणारं कोणी आहे का?"

मी खाली फरशीकडे बघत उभी.

ताई म्हणाली, "ही आहे."