दोन बादल्यांतल्या तिसऱ्या

१२ फेब्रुवारी १९८४, तोंडवली

आरोंद्याच्या खाडीतून एसटीने सांभाळत आणलेल्या तिसऱ्या आणि आमच्या खाडीतल्या तिसऱ्या मी दोन बादल्यांत, चिठ्ठ्या लावून वेगळ्या ठेवल्या होत्या. आईने शिंपल्यांतली वाळू सुटावी म्हणून दोन्ही बादल्या एकाच टोपात ओतल्या! मी चिडले तर म्हणते, "तिसरे ते तिसरेच गो! तेंका काय गाव आसता?"

असतं. माझा एम.एस्सी.चा प्रबंध तेच सांगतो. एका खाडीतल्या दुसरीत पोचत नाहीत, शिंपल्यावरून त्या वेगळ्या ओळखू येतात. म्हणून टोप पुढ्यात घेऊन निवडायला बसले. बादल्या रिकाम्याच राहिल्या. एकीबद्दलही खात्रीने सांगता येईना. मग मी आजवर ओळखत होते ते काय? बादलीवरची चिठ्ठी?

सरांना उद्या प्रबंध दाखवायचाय. शिंपल्यांचं वाक्य खोडलं. आईला अजून सांगितलेलं नाही.