माझं नाव पुढे करून

मंगळवार, जेवणं झाल्यावर

शेजारची कोकिळाबेन आज वाटीभर उंधियू घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "बा, छोकराने जवा दो ने." मला कळेना, कुणाला जाऊ देऊ, मी कुणाला अडवलंय? तर आमचा निखिल सगळ्या सोसायटीला सांगत फिरतोय, की जर्मनीत कॉम्प्युटरचं कंत्राटी काम मिळतंय, पण आजी सोडत नाही.

मी? मीच तर म्हटलं होतं, जा बाबा, माझे गुडघे माझी मी सांभाळीन. जवा दो म्हणे! खुंटीला बांधलाय का मी त्याला? वाढवला मी, आणि वाईटही मीच.

खरं काय ते मला ठाऊक आहे. तिथलं काम सहा महिन्यांचं, पुढचं नक्की नाही. इथली कायमची नोकरी सोडायची याची छाती होत नाही. मग म्हण की, भ्यालो. भिण्यात लाज कसली? नातवाने म्हातारीच्या आड लपायचं, ही लाज.

जेवताना विचारलं तर म्हणतो, "आजी, लोकांना काहीतरी सांगावं लागतं ना."

म्हटलं, मग हे सांग, आजी उद्या मांजलपूरला लेकीकडे राहायला चालली. पिशवी भरलीसुद्धा. आता कुणाच्या आड लपतो ते बघते.