पाचव्या बोगद्यातल्यांना माझी मुळ्याची वडी आवडते

सहावा महिना, तारीख २८
आजपासून रोज लिहायचं. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, पण वाचणार कोण? मीच.

आज अपमान झाला. गल्लीची बैठक होती. सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी आम्ही भल्या भावांसाठी पान मांडतो. (भूत म्हणायचं नसतं, त्यांना राग येतो.) त्या पानावरची मुळ्याची वडी माझं लग्न झाल्यापासून माझीच. यंदा देवळाचं बघणाऱ्या ग्वातबाईला सांगितली! माझा मुलगा अ-त्सुआन खाली बघत म्हणाला, "आई, तू दमतेस गं." मी दमते? ग्वातबाई म्हणते (गल्ली मला आमा, म्हणजे आजी म्हणते), "आमा, गेल्या वर्षी पंक्तीत सगळ्यांनी किती पाणी मागितलं, आठवतं ना?" उकाडा होता. उकाड्यात माणूस पाणी मागतो.

घरी येऊन दार लावून बसले. रडले नाही. कांदा चिरत होते.

सहावा, २९
उपाय सापडला! पान कोणासाठी? भल्या भावांसाठी. मग त्यांनाच विचारू की. सोनं निघत होतं तेव्हा आमच्या डोंगरावर माणसं मुंग्यांसारखी आली आणि तशीच मेली, त्यामुळे जागांना तोटा नाही. पाचवा बोगदा, जिथं छत बसलं. बंद पडलेलं दारूघर, तिथली गाणारी. आणि जपानी साहेबाचा बंगला, जिथं जिन्यावर बूट वाजतात. टुरिस्ट फोटो काढतात, पण आत कोणी पाऊल टाकत नाही. मी टाकणार. तिन्हीकडे माझी वडी ठेवणार. संपली, तर गल्लीने तोंड मिटायचं.

अ-त्सुआन हसला. सून बीलान पांढरी पडली. ही बया न्हाणीत जाताना मोठ्याने गाणं म्हणते, घाबरते म्हणून. "आई, त्या बोगद्याकडे नका हो जाऊ." मी म्हटलं, खाणीच्या गावात नांदायला आलीस आणि बोगद्याला भितेस? तर म्हणे, "म्हणून तर इतकी वर्षं वरच्या रस्त्याने जाते."

सातवा, १
आज पाताळाचं दार उघडलं, भाऊ महिनाभर मोकळे. काळोखातच जाणार होते. पण गुडघा. म्हणून दुपारी गेले. भीतीचा प्रश्नच नाही.

बोगद्याच्या तोंडाशी गार वारा. आमचे हे इथंच कामाला होते. मेले मात्र घरी, खोकल्याने, म्हणजे इथं नसणार. तरी हाक मारली. उदबत्ती लावली, बशी ठेवली. मागे वळून बघायचं नसतं, म्हणून भरभर उतरले. पळाले असं नाही. एक चप्पल वर राहिली.

सातवा, २
बशी साफ!! चप्पल शेजारी नीट पुसून ठेवलेली. भाऊ किती सभ्य.

ग्वातबाईला बशी दाखवली. म्हणाली, "आमा, भाऊ नुसता वास घेतात. खातात कुठे? मागून आपणच खातो ना?" मी म्हटलं, ते तुझ्या देवळातले भाऊ. हे खाणीतले. दिवसभर कुदळ मारलेली माणसं, वासाने त्यांचं काय होतंय? म्हणाली, कुत्रा असेल. मग गल्लीतल्या कुत्र्याला वडी घालून पाहिली. त्याने हुंगली आणि निघून गेला. म्हणजे कुत्रा नव्हे. सिद्ध झालं.

सातवा, ५
दारूघर. गाणारीने एका सोनाराच्या नादाने विहीर जवळ केली म्हणतात. अंगाने काडी होती म्हणे, पण बशी चाटून पुसून साफ. बिचारीला कोणी पोटभर घातलंच नसेल.

बीलान हल्ली सकाळी घरात नसते. चालायला जाते म्हणे. चालून कोण सुजतं? पाय भोपळे झालेत. न्याहारीला भूक नाही म्हणते आणि पाण्याचा थर्मास एकटी संपवते. आळशी माणसाला तहान फार.

सातवा, ८
बंगला. साहेबाला अळणी लागू नये म्हणून मीठ सढळ हाताने घातलं. वरून सोया सॉस. संपली! बूट काही वाजले नाहीत. खाताना कोण चालतं?

बीलानला डॉक्टरकडे नेलं. बीपी. खारट अगदी बंद. मी म्हटलं, बाहेरचं अरबट चरबट खातेस, दुसरं काय. "हो आई," म्हणाली. अ-त्सुआन तिच्याकडे बघत राहिला. दोघांचं काहीतरी बिनसलंय. मी मध्ये पडत नाही.

सातवा, ११
जिंकले! बोगद्याशी रोज दुपारी नवी बशी ठेवते, कालची रिकामी आणते. ते बघून सगळी गल्ली गप्प. ग्वातबाईने हात टेकले. "घे बाई, तुझे भाऊ आणि तुझी वडी." पंधराव्या दिवसाची मोठी वडी माझी! अ-त्सुआनला बाजारात पाठवून पोतंभर मुळे आणले. मीठही जास्तीचं आणवलं, ऐनवेळी कमी पडायला नको.

सातवा, १३, सकाळ
भावांना विचारायचं होतं, सुकी कोळंबी घालू का. पुढे किसायचं काम होतं, म्हणून सकाळीच निघाले. धुकं. बोगद्याच्या तोंडाशी कोणीतरी उकिडवं बसलेलं. बाईमाणूस. मी वाटेतच थांबले.

डोळे गच्च मिटलेले. ओठात बुद्धाचं नाव. एक घास, एक घोट पाणी, परत नाव. पुढ्यात माझी बशी. बीलान.

अ-त्सुआन तिच्यावर छत्री धरून उभा. म्हणत होता, "फेकून दे ना गं. डॉक्टरने काय सांगितलंय?" ती म्हणाली, "भावांपुढचं फेकतात का? आणि आईंच्या हातचं. रिकामी बशी घेऊन येतात तेव्हा त्यांचं तोंड बघता ना तुम्ही? वर्षभर हसल्या नव्हत्या." तो म्हणाला, "मग आण, अर्धी मी खातो." ती म्हणाली, "तुमचंही बीपी वाढलंय."

मी धुक्यात उभी. ती वळली असती तर मलाच भूत समजली असती. हळूहळू उतरले. चप्पल राहिली नाही.

त्याच दिवशी, दुपार
भले भाऊ नुसता वास घेतात. हे मला सहाव्या वर्षापासून माहीत आहे. पानावरची वडी उचलली म्हणून आईने धपाटा घातला होता. "त्यांचा वास घेऊन होऊ दे, मग आपणच खायचीय."

मीठ चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं. मग चमचाभर ठेवलं. तेव्हा कुठे खारट लागलं.

सातवा, १४
गल्लीत सांगितलं, गुडघा धरलाय, वडी बीलान करेल. ग्वातबाई म्हणाली, "अगं आमा, तुझे भाऊ रुसतील ना." मी म्हटलं, "त्यांचं बीपी वाढलंय." सगळे हसले. बीलान हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी मुळ्याकडे बघत होते.

मुळे मीच किसले.

सातवा, १५
पान मांडलं. हात धुवायला भावांसाठी तांब्या, टॉवेल, सगळं. उदबत्त्या जळून जाईपर्यंत कोणी बशीला हात लावला नाही.

त्याआधी बीलानने स्वयंपाकघरात हाक मारली. "आई, मीठ बघा ना." घास तोंडात ठेवला. ओल्या कापसासारखा. हात आपोआप बरणीकडे गेला. ती बरणीकडे बघत होती. नको म्हणाली नाही, म्हणालीही नसती. बरणी उचलली आणि तिच्याकडे सरकवली. म्हटलं, "बरोबर आहे. आता ही तुझ्याजवळच ठेव."

पंक्तीत वडी दोनदा वाढावी लागली. ग्वातबाईने तिसऱ्यांदा मागितली. मी कोपऱ्यात बसून बीलानकडे बघत होते. तिने पाणी एकदाच प्यायलं.